गौरीने बाराव्या भागातच उत्तर दिलं होतं

ताई,
मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ३६, दोन मुलं. गेली दोन वर्षं मोबाइलवर क्रमशः कथा लिहिते आहे. सध्याच्या कथेचे ३४ भाग झाले. गौरी तासगावच्या एका पतसंस्थेत नोकरीला आहे, रोज एसटीने जा-ये करते. बेदाण्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा रणजित तिच्या प्रेमात पडतो. बसच्या मागे बुलेट, पतसंस्थेसमोरच्या चहाच्या गाड्यावर तासन् तास बसणं, रात्री मेसेज. बाराव्या भागात गौरी त्याला सांगते, "मला तुमच्यात रस नाही. माझ्या मागे येऊ नका." बाविसाव्या भागात तो आयर्विन पुलावर तिचा हात धरतो. वाचकांना तोच भाग सगळ्यात जास्त आवडला. चाळिसाव्या भागात गौरी होकार देणार, असं मी ठरवलं होतं.
गेल्या आठवड्यात एका मुलीचा मेसेज आला. "मॅडम, माझ्यापण मागे एक मुलगा असाच येतो. भीती वाटायची. तुमची कथा वाचून वाटलं, त्याचंही प्रेम खरं असेल." तेव्हापासून एक ओळ लिहिलेली नाही. मिस्टर म्हणतात, गोष्टच आहे, एवढं काय मनावर घेतेस. कथा बंद करू का?
आणि एक. बारावीत असताना माझ्याही मागे एकजण यायचा. बाबांनी माझा क्लास बंद केला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
— एक लेखिका, सांगली

अगं, कथा बंद करू नकोस. तुझे चौतीसही भाग मी परवा रात्री एका बैठकीत वाचले. गौरी मला आवडली. तिचा डबा, पगाराची आकडेमोड, रात्री उठून आजीला पाणी देणं, सगळं तू मन लावून लिहिलं आहेस. बारावा भाग मी दोनदा वाचला. गाडी फलाटाला लागलेली, गौरीचा एक पाय पायरीवर, आणि आवाज न चढवता ती ती दोन वाक्यं बोलते. त्यांत 'सध्या तरी' नाही, 'बघू' नाही, 'घरच्यांना चालणार नाही' नाही. इतका स्वच्छ नकार आपल्या कथांमध्ये फार क्वचित वाचायला मिळतो. तो तुझ्या हातून लिहिला गेला. आणि तेराव्या भागात तूच तो विसरून गेलीस, बुलेट पुन्हा बसच्या मागे लागली.

हे कसं झालं असेल, याचा मी बराच विचार केला. तुझ्या मनात खोट नव्हती. क्रमशः कथेची चालच तुला तिकडे घेऊन गेली. प्रत्येक भागाच्या शेवटी वाचकाला पुढच्या भागासाठी थांबवायचं असतं. रणजितने काहीतरी करायचं, गौरीने नाही म्हणायचं, की झाला भाग. असं बावीस वेळा झालं की वाचक कंटाळतो, आणि कंटाळतो तो तिच्या नकाराला. पाठलाग रोज नवा असतो, कधी पावसात, कधी जत्रेत. तिचं 'नाही' मात्र तेच असतं. मग 'किती भाव खातेय' सुरू होतं. आपल्या बोलण्यातही हे किती मुरलंय बघ. 'पोरगी पटवली', 'होकार मिळवला', 'हसली म्हणजे फसली', 'मौन म्हणजे संमती'. मुलीने काहीही केलं, हसली, गप्प बसली, चिडली, तरी त्याचा अर्थ 'हो'कडेच लावायची सोय आपण भाषेतच करून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट अशी, की तेराव्या भागापासून तुझी कथा रणजितच्या बुलेटवर मागे बसलेली आहे. त्याची झोप उडालेली आम्हाला माहीत आहे, त्याने आईच्या बांगड्या तिच्यासाठी जपून ठेवलेल्या माहीत आहेत. त्या बसमध्ये गौरी काय करत होती, ते मात्र तू कुठेच सांगितलेलं नाहीस.

मी सांगते. साताऱ्यात कॉलेजला असताना माझी एक मैत्रीण होती. आम्ही पोवई नाक्यावर भेटायचो आणि पुढे बरोबर जायचो. तिच्या मामाने तिला मुंबईहून पिवळी छत्री आणली होती, तिचा फार जीव होता त्या छत्रीवर. एका पावसाळ्यात ती अचानक भिजत यायला लागली. छत्री विसरले म्हणायची. रोज कशी विसरशील, असं मी एकदा खोदून विचारलं तेव्हा कळलं. एक मुलगा तिच्या मागे यायचा आणि तो तिला लांबून त्या छत्रीवरून ओळखायचा. साताऱ्याचा पाऊस तुला माहीत आहे. दोन महिने ती मुलगी वह्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या कपड्यांनी वर्गात बसली. शेवटी तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, "तू हसली असशील." त्यानंतर ती कुणालाच काही बोलली नाही. तो मुलगा तिच्याशी कधी वाईट बोलला नव्हता, हेही सांगायला हवं. तो फक्त मागे यायचा, आणि मनातल्या मनात स्वतःला फार मोठा प्रेमिक समजत असणार.

तुझ्या पत्राच्या शेवटच्या चार ओळी वाचताना मला ती छत्री आठवली. बारावीत असताना तुझी काय वस्तू, कुठला रस्ता, कुठली वेळ सुटली असेल, ते तुलाच ठाऊक. क्लास सुटला एवढं तू लिहिलं आहेस. त्या मुलाचं काय सुटलं? त्याचा एकही तास बुडला नसेल. तुझ्या बाबांच्या मनात काळजीच असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण त्यांनी त्याची वाट अडवायची सोडून तुझी अडवली, आणि अठरा वर्षं तू हे मनात ठेवून वावरलीस. त्यात तुझा काडीचाही दोष नव्हता. हे तेव्हाच कुणीतरी तुला जवळ घेऊन सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही, म्हणून आज मी सांगते. आणि मला राहून राहून वाटतं, रणजितला तू इतका चांगला, इतका हळवा का केलास, याची मुळं तिथे असतील. जे घडलं ते प्रेमच होतं असं ठरवलं, की भीती जरा सोसवते. माझा अंदाज चुकीचा असेल तर सोडून दे. ते सगळं कथेत आणलंच पाहिजे असंही नाही, ते तुझं आहे.

आता मिस्टरांच्या 'गोष्टच आहे' बद्दल. माझी आई मासिकातली क्रमशः कादंबरी शेजारणींना मोठ्याने वाचून दाखवायची. पुढचा अंक येईपर्यंत त्या बायका पापड लाटताना नायिकेच्या लग्नाची काळजी करत बसायच्या, जणू ती आमच्याच आळीतली. दोन दिवसांत वाचून कपाटात ठेवलेल्या पुस्तकापेक्षा आठवड्यामागून आठवडे घरी येणारं पात्र जास्त आपलं होतं. तुझ्या त्या वाचक मुलीच्या घरात रणजित चौतीस वेळा येऊन गेला आहे. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला, यात नवल काय?

मिस्टरांना कायदाही सांग. पाठलाग हा २०१३ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे. आधी तो भारतीय दंड संहितेच्या ३५४-ड कलमात होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. बाईने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुष वारंवार तिच्या मागे जात राहिला, तिच्याशी संपर्क करत राहिला, तर पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. गौरी बाराव्या भागात फलाटावर जे बोलली, ते याहून स्पष्ट काय असणार? तेराव्या भागापासून तुझा नायक गुन्हा करतो आहे, आणि आपण सगळे त्याला टाळ्या देतो आहोत.

पुलावरच्या प्रसंगाबद्दल एकच सांगते. तू सांगलीची आहेस, आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी तुला पाठ असेल. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. चाळीसला नदीकाठची माणसं सामान हलवायला लागतात, पंचेचाळीसची वाट बघत बसत नाहीत. गौरीने इशारा बाराव्या भागात दिला. बाविसाव्यात त्याच पुलावर तिचा हात धरला जातो, आणि तू लिहितेस, 'तिच्या अंगावर शहारा आला.' तो भीतीचा होता की कशाचा, हे तू वाचकांवर सोडलंस. त्यांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला. ते वाक्य बदल. मागचे भाग पुसू नकोस, पण ते एक वाक्य बदलच.

तुमच्या हरिपुरात जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ चं. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचं दुःख रंगभूमीवर मांडायला त्या काळी मोठं धैर्य लागलं असणार. पण त्यातही लग्न मोडतं ते नवरा सगोत्र निघाला म्हणून. शारदाला हे लग्न नको आहे, एवढ्याने ते मोडत नाही. त्या काळात मुलीच्या नकाराला तेवढं वजनच नव्हतं, देवलांना गोत्राचा आधार घ्यावा लागला. तुला तशी काही अडचण नाही. गौरी कमावती आहे, सज्ञान आहे, आणि लेखणी तुझ्या हातात आहे.

मग पस्तिसाव्या भागात काय लिहायचं? मला विचारशील तर पूर्ण भाग फक्त गौरीचा असू दे. त्यात रणजित दिसायलाही नको. ती आता सव्वानऊच्या ऐवजी सव्वासहाची गाडी पकडते. अंधारात घरून निघते, पतसंस्था उघडेपर्यंत देवळाच्या पायरीवर तीन तास काढते. बसमध्ये रिकामी बाकं सोडून टोपली घेतलेल्या आजीशेजारी अंग चोरून बसते. फोन कुणाचाच आलेला नसतो, तरी कानाला लावून 'हो आई, पोचतेच' म्हणते. हे वाचून तुझ्या शंभरातल्या नव्वद वाचक बायका म्हणतील, अगं, हे तर मीपण केलंय.

पुढे रणजितला हे कळू दे. पण कृपा करून त्याची बहीण मध्ये आणू नकोस. 'तुझ्या बहिणीमागे कुणी असं आलं असतं तर?' हा प्रसंग मला मनापासून नकोसा होतो. कुणाची बहीण, कुणाची लेक म्हणून गौरीला मान मिळायला नको, ती नको म्हणाली एवढं पुरे झालं पाहिजे. तो सव्वानऊच्या गाडीत चढतो, खिडकीची जागा रिकामी. कंडक्टर सहज सांगतात, "त्या ताई होय? दीड महिना झाला, पहाटेच्या गाडीनं जातात." त्याला तो दीड महिना मोजू दे. मग त्याने थांबावं. हातावर ब्लेड नको, शेवटची भेट नको, निरोपाचा मेसेजसुद्धा नको. थांबण्याचं बक्षीस म्हणून गौरीही देऊ नकोस त्याला.

वाचक नाराज होतील, काही सोडूनही जातील. पैसे देऊन पुढचे भाग उघडणारेही त्यात असतील, मला कल्पना आहे. तरी प्रेमकथा लिहायचं सोडू नकोस. संमती आली की रस जातो, हा समज खोटा आहे. खरी धडधड जिथे उत्तर दोन्ही बाजूंनी येऊ शकतं तिथेच असते. समज, पतसंस्थेतला कुणी तिला म्हणतो,

"रविवारी हरिपूरला संगमावर जायचा विचार आहे. येता का?"

"या रविवारी नको."

"बरं."

आणि तो खरंच पुढच्या खातेदाराचं पासबुक हातात घेतो. तोंड पाडत नाही, कारण विचारत नाही, दुसऱ्या दिवशी तिच्याशी आदल्या दिवशीसारखाच बोलतो. मग तीन भागांनी गौरीच व्हाउचरवर शिक्का मारता मारता विचारते, "ते हरिपूरचं राहिलंच की." मी तर त्या वाक्याची वाट बघत तिन्ही भाग वाचीन.

तुझ्या पत्रात नाही अशी एक गोष्ट. त्याच पतसंस्थेत तू शीतल नावाची विनोदी बाई ठेवली आहेस, जी लाजऱ्या अविनाशला रोज खांदा मारते, त्याच्या डब्यात हात घालते, 'माझा नवरोबा' म्हणून हाक मारते. अविनाश दोनदा टेबल बदलून घेतो. त्यावर वाचक हसतात. त्यालाही नको आहे गं ते. पुरुष असला म्हणून त्याचं अवघडणं हसण्यावारी नेऊ नये. शीतललाही कुणीतरी एकदा नीट सांगू दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. त्या मुलीला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. साध्या शब्दांत लिही. तुला भीती वाटते, ती बरोबर आहे. माझ्या कथेत मी चुकले. तू एकटी जाऊन त्याच्याशी बोलू नकोस. त्याचे मेसेज पुसू नकोस. कधी, कुठे मागे आला ते तारखेनिशी लिहून ठेव. घरात किंवा कॉलेजात अशा माणसाला सांग, जो तुझं बाहेर जाणं बंद करणार नाही. आई, मावशी, एखाद्या मॅडम, कुणीही. रस्त्यात घाबरलीस तर ११२ लाव, महिलांसाठी १०९१ आहे, पोलिसांचं निर्भया पथकही आहे. आणि तिची इच्छा असेल, तरच, तिच्या आईशी तू स्वतः बोल. तुझ्या बाबांशी तेव्हा कुणी बोललं असतं तर काय बोलायला हवं होतं, ते तुझ्याइतकं कुणालाच कळणार नाही.

उत्तर आजच रात्री पाठव. पस्तिसावा भाग चार दिवस उशिरा आला तरी चालेल. आणि सव्वासहाच्या गाडीत गारठा असतो, गौरीच्या खांद्यावर एक शाल दे.

तुझी,
ताई