भाड्याच्या घरातील चार फुटी फिश टँक

प्रश्न : आम्ही राजारामपुरीतील एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच फिश टँक घेण्याचा विचार आहे. घरमालक फोनवर "ठेवा की, त्यात काय" असे म्हणाले. परंतु खालच्या मजल्यावरील काकांना स्लॅबची काळजी वाटते आणि सासूबाईंचा आग्रह ईशान्य कोपऱ्याचा आहे, जो आमच्याकडे गॅलरीत येतो. काय करावे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काकांची काळजी हसण्यावारी नेऊ नये. आपण दिलेल्या मापाच्या टँकमध्ये काठोकाठ सुमारे ३४० लिटर, म्हणजे तितकेच किलो पाणी मावते. त्यात १२ मिलिमीटर काचेचे पाऊणशे-ऐंशी किलो, वाळू-खडी आणि लोखंडी स्टँड धरले की एकूण वजन पाचशे किलोच्या घरात जाते. राहत्या खोलीचा स्लॅब भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार गृहीत धरून आखतात, आणि आपला टँक जेमतेम अर्ध्या चौरस मीटरहून किंचित अधिक जागा व्यापतो. आकडे असे शेजारी ठेवले की छातीत धस्स होते; परंतु स्लॅब भार केवळ स्टँडखालच्या तुकड्यावर पेलत नाही, तो आजूबाजूला आणि शेवटी बीमकडे वाहून नेतो. त्यामुळे खरा प्रश्न टँक कोठे उभा राहणार, हा आहे.

आपल्या फरशीखालचा बीम आपल्याला दिसणार नाही, तो काकांच्या छताला दिसेल. तेव्हा एखाद्या संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जावे आणि त्यांच्यासोबतच छत पाहावे. बीम कोणत्या भिंतीखालून जातो ते नीट लक्षात घेऊन, त्याच भिंतीला लागून, शक्य तितक्या कॉलमजवळ टँकची लांब बाजू ठेवावी. खोलीचा मध्यभाग टाळावा. त्याच वेळी छताला ओल, गिलाव्याचे पोपडे, सळईच्या रेषेत गेलेली भेग किंवा गंजाचे डाग दिसले, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहणी केल्याखेरीज टँक आणूच नये. गॅलरीचा विचार तर सोडूनच द्यावा. बहुतेक गॅलऱ्या खालून आधार न देता इमारतीबाहेर काढलेल्या असतात, शिवाय तेथील उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. सासूबाईंना ईशान्येला पाणी हवेच असेल, तर तेथे तांब्याचा कलश ठेवावा. त्याचे वजन कोणालाही जड होणार नाही.

स्लॅबपेक्षा मला अधिक भीती वाटते ती पाण्याची. टँक फुटण्याच्या घटना विरळ असतात. पण पाणी बदलताना पाईप निसटणे आणि वीज गेल्यावर हवेच्या नळीतून पाणी उलटे येणे या नेहमीच्या गोष्टी आहेत. एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि प्रत्येक वायर प्लगपाशी पोहोचण्यापूर्वी खाली लोंबती ठेवावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता जमिनीवर ठिबकेल. स्टँड ठेवल्यावर गवंड्याची पाणसळ लावून सपाटी तपासावी, टँकखाली थर्माकोल घालावा, एक तृतीयांश पाणी भरून एक दिवस थांबावे आणि पाणसळ पुन्हा लावूनच उरलेले भरावे.

घरमालकांच्या "त्यात काय" या शब्दांवर विसंबू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नूतनीकरणाच्या वेळी त्यात टँकचे माप आणि जागा यांचा उल्लेख करून घ्यावा, तोपर्यंत मालकांचा लेखी होकार तरी जवळ ठेवावा. टँक येण्यापूर्वी आपल्या फरशीची आणि काकांच्या परवानगीने त्यांच्या छताची छायाचित्रे काढावीत. पुढे ओल आली, तर ती नवी की जुनी हा वाद अनामत रकमेपर्यंत पोहोचतो.

माशांबाबत थोडक्यात सांगतो. टँक भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत; माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाचे पाणी अँटी-क्लोरीन घालूनच वापरावे. अॅरोवानाचा मोह असेल तर तो आवरावा, कारण दोन-अडीच फुटांपर्यंत वाढणारा हा मासा दीड फूट रुंदीत नीट वळूही शकत नाही. कोल्हापुरात पावसाळ्याचीही तजवीज हवी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराच्या अनेक भागांत वीजही नव्हती आणि नळालाही पाणी नव्हते. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्यावा, वीज नसताना माशांना खाद्य घालू नये, आणि टँकरचे पाणी मिळाले तरी एका वेळी दहाव्या हिश्शाहून अधिक बदलू नये, कारण पाण्याचा जडपणा, म्हणजे त्यातील क्षारांचे प्रमाण, एकाएकी बदलला तर मासे दगावतात.

घर सोडताना टँक पूर्ण रिकामा करूनच उचलावा. तळाला थोडे पाणी ठेवून उचलल्यास सांधे सुटतात. फिल्टरमधील स्पंज टँकच्याच पाण्यात ओला ठेवून न्यावा, म्हणजे नव्या घरी जिवाणूंची सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. मासे नकोसे झाले तर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत सोडू नयेत, कारण सकरसारखे (काचेवरील शेवाळ खाणारा मासा) परके मासे तेथे तग धरून स्थानिक माशांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगू लागतात.