‘काँगो ईल’ला वाम म्हणावे का?

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या दलदलीत घडणारी एक कथा मराठीत आणताना एका ताईंना दोन शब्द अडले. क्रेफिशसाठी (गोड्या पाण्यातल्या, झिंग्यासारख्या प्राण्यांसाठी) लावलेल्या आजोबांच्या सापळ्यात ‘काँगो ईल’ सापडतो आणि पुढे एका डबक्यात ‘सायरन’ दिसतो. पहिल्यासाठी त्यांनी ‘काँगोतली वाम’ लिहिले. दुसऱ्याला कोशात ‘भोंगा’ मिळाला, तो अर्थातच बसेना.

ताई, वाम हा मासा आहे. तिच्या पाठीवरून शेपटीला वळसा घालून पोटाकडे येणारा पर असतो, पाय नसतात. तुमच्या कथेतल्या आजोबांच्या सापळ्यातला प्राणी बेडकांच्या नात्यातला, म्हणजे उभयचर आहे. त्याचे खरे नाव अँफियुमा. लांबी मीटरभर, अंग बुळबुळीत, डोळ्यांना पापण्या नाहीत. पण नीट पाहिले तर चार पाय दिसतात, काडीएवढे, चालायला निरुपयोगी. रात्री तो क्रेफिशच्या मागावर निघतो, म्हणून सापळ्यात शिरतो. चावा कडकडून घेतो, तेव्हा आजोबांनी नातवाला दिलेला इशारा अगदी खरा आहे.

काँगो नदीशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही. अँफियुमा फक्त अमेरिकेच्या आग्नेय भागात आढळतो. समुद्रातल्या मोठ्या वामेला इंग्रजीत ‘काँगर’ म्हणतात. त्या शब्दाचा ‘काँगो’ हा अपभ्रंश मानला जातो. म्हणून ‘काँगोतली’ हा शब्द तर काढाच, वाचक उगाच आफ्रिकेत जाईल.

अँफियुमाच्या तीन जाती आहेत आणि त्या ओळखायच्या पायाच्या बोटांवरून: एक, दोन किंवा तीन. इथे मराठी किती सहज कामी येते पाहा! आपण ‘तिबोटी खंड्या’ म्हणतोच, त्याच चालीवर एकबोटी, दुबोटी आणि तिबोटी अँफियुमा. लुइझियानात तिबोटी भरपूर, तेव्हा तुमच्या कथेत तोच चालेल.

आता सायरन. हाही वामेसारखा लांबुडका, पण याला पुढचे दोनच पाय. मागचे नाहीतच. मानेशी पिसांच्या झुपक्यासारखे कल्ले मोठेपणीही बाहेर राहतात. ‘भोंगा’ का नको, याचे उत्तर मला फार आवडते: प्राण्याचे नाव यंत्रापेक्षा जुने आहे. अमेरिकेतल्या चार्ल्सटनचे डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांनी पाठवलेल्या नमुन्यांवरून स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीयसच्या काळात, 1766 मध्ये, याचे ‘सायरन’ हे शास्त्रीय नाव ठरले. आवाजाच्या यंत्राला फ्रेंच शास्त्रज्ञ काग्न्यार द ला तूर यांनी तेच नाव 1819 मध्ये दिले, कारण ते पाण्याखालीही वाजे. दोन्हींचे मूळ ग्रीक कथांमधल्या, गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या सायरनींमध्ये आहे. आणि हा प्राणी अगदीच मुका नाही बरं का. लहान जातीचा सायरन टकटक आवाज करतो, पकडला तर कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटतो. तळे आटले की तो चिखलात शिरतो. अंगाभोवती पापुद्र्यासारखे वेष्टन तयार होते, तोंडापाशी तेवढे उघडे राहते, आणि पाणी येईपर्यंत तो तसाच पडून असतो. या झोपेला ‘ग्रीष्मनिद्रा’ हा चांगला शब्द आहे, कथेत तळे आटण्याचा प्रसंग असेल तर जरूर वापरा.

मराठीत नवा शब्द पाडावा का? मला वाटते, नको. ‘जलसर्प’ म्हटले तर साप वाटेल, ‘जलपरी’ म्हटले तर भलतेच. निवेदनात सरळ ‘अँफियुमा’ आणि ‘सायरन’ लिहा, पहिल्या उल्लेखाला ‘सॅलॅमँडर’ जोडा, म्हणजे शेपटीवाला उभयचर.

आजोबांच्या तोंडी मात्र वाम राहू द्या. तिथली माणसे या प्राण्याला वामच समजत आली आहेत, दिसण्यावरून नाव पडले आहे. आपल्याकडेही पावसाळ्यात ओल्या मातीत सापडणारा बिनपायांचा उभयचर ‘देवगांडूळ’ म्हणून ओळखला जातो. तो गांडूळ नाही, तरी नाव पक्के बसले आहे. तेव्हा आजोबा म्हणतील, “हात नको लावू रे, दलदलीतली वाम आहे ती, बोट तोडेल!” आणि पुढच्या ओळीत निवेदक सांगेल, की सापळ्यात तिबोटी अँफियुमा वळवळत होता.