दिवसा मॉनिटर, रात्री टीव्ही: २७,००० रुपयांचा हिशेब

प्रश्न: मी कराडजवळ राहते. घरूनच बारा-तेरा दुकानदारांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न्स भरते. महिन्याला साधारण २२,००० रुपये सुटतात. १५ इंची लॅपटॉपवर टॅली आणि एक्सेल शेजारीशेजारी उघडता येत नाही, संध्याकाळपर्यंत डोळे दुखायला लागतात. २४ इंची मॉनिटर ९,५०० ला मिळतोय. मिस्टरांचं म्हणणं, त्यापेक्षा २७,००० चा ४३ इंची फोर-के टीव्ही घेऊ. दिवसा तुझं काम होईल, रात्री घरच्यांना बघता येईल आणि मॉनिटरचे साडेनऊ हजार वाचतील. घरातला ३२ इंची टीव्ही सात वर्षांचा आहे, पण चालतो. पैशांसाठी ५०,००० ची एफडी मोडावी की सहा महिन्यांचा विनाव्याज हप्ता घ्यावा? दोघांचा मिळून घरखर्च महिना ३०,००० आहे.

उत्तर:

ताई, आधी निर्णय सांगतो. मॉनिटर घ्या, तुमच्या कामाच्या कमाईतून घ्या. टीव्ही आत्ता नको, आणि एफडीला हात लावू नका. पण मिस्टरांची सूचना उडवून लावण्यासारखी मुळीच नाही. ती कुठे बरोबर आहे आणि तुमच्या घरात कुठे अडते, ते नीट पाहू. म्हणजे तुम्हा दोघांना एकत्र बसून ठरवता येईल.

४३ इंची फोर-के पडदा म्हणजे साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर चार, दोन वर आणि दोन खाली, मधल्या कडा काढून जोडलेले. आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. तुमच्या कामात याचा उपयोग किती आहे, हे मला समजतं. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे माल पुरवणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होतं, आणि मग प्रत्येक दुकानदाराचं खरेदी रजिस्टर त्याच्याशी ताडून बघायचं. एका बाजूला २बीची एक्सेल, दुसरीकडे टॅली, तिसरीकडे जीएसटीचं पोर्टल, आणि व्हॉट्सॲपवर दुकानदाराने पाठवलेला बिलाचा वाकडातिकडा फोटो. लहान पडद्यावर खिडक्या मागेपुढे करताना बिल क्रमांकातला एक आकडा इकडचा तिकडे होतो आणि सहाशे रुपयांचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) शोधण्यात अर्धा तास जातो. तेव्हा मोठा पडदा ही चैन आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ते तुमच्या कामाचं हत्यार आहे. प्रश्न एवढाच, की ते हत्यार घरातल्या टीव्हीबरोबर वाटून घ्यायचं का.

आता ‘साडेनऊ हजार वाचतील’ या वाक्याकडे येऊ, कारण सगळी गफलत तिथेच आहे. घरातला टीव्ही बंद पडला असता, नवा घ्यावाच लागणार असता, तर मॉनिटरचे पैसे वाचले असं म्हणता आलं असतं. पण तुमचा टीव्ही चालू आहे. म्हणजे गरज आजच्या घडीला ९,५०० ची आहे आणि खर्च २७,००० चा होणार आहे. वाचत काहीच नाही. वरचे १७,५०० रुपये जे दोन-तीन वर्षांनी गेले असते, ते आज जातात. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच प्रश्नांत हेच दिसतं: एका खरेदीत दोन कामं बसवली की ती स्वस्त वाटते, आणि त्यातलं दुसरं काम मुळात अडलेलं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

कमाईच्या बाजूनेही मांडून बघा. मोठ्या पडद्यामुळे वेळ वाचला आणि तुम्ही महिना १,००० रुपयांचं एक जादा गिऱ्हाईक धरलंत, तर मॉनिटर दहा महिन्यांत फिटतो. टीव्हीला २७ महिने लागतील. अर्धी किंमत घरखर्चात धरली, तरी १४ महिने.

याहून मोठी अडचण वेळेची आहे, आणि ती दुकानात दिसत नाही. ‘दिवसा काम, रात्री टीव्ही’ हे महिन्यातले वीसेक दिवस जमेल. पण तुमच्या कामाच्या तारखा तुम्हाला मी सांगायला नको: ११ ला विक्रीचं जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, तिमाहीवाल्यांचं ३बी आपल्या महाराष्ट्रात २२ ला. दुकानदार बिलं आदल्या संध्याकाळी आणून टाकतात, पोर्टल दिवसभर अडखळतं, आणि खरं काम रात्री आठनंतर सुरू होतं. त्याच वेळी घरच्यांची मालिका असते, नाहीतर सामना. मार्चअखेरीला तर हिशेब पुरे करायचे आणि आयपीएल, दोन्ही अंगावर एकदम येतात. अशा रात्री टीव्ही कुणाचा? घरातल्या बाईचं काम असेल तर बहुतेक वेळा तीच ‘राहू दे, मी लॅपटॉपवर करते’ म्हणून उठते. म्हणजे ज्या रात्रींसाठी २७,००० घातले, नेमक्या त्याच रात्री तो पडदा तुमचा नाही. ३बीला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, शून्य रिटर्न असेल तर २०, आणि कर भरायचा राहिला असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. ते दुकानदाराला भरावं लागतं आणि बोल तुम्हाला लागतो. कमाईची वस्तू घरच्या मनोरंजनापासून वेगळी असावी असा माझा आग्रह आहे, तो एवढ्याचसाठी.

जागेचंही बघा. ४३ इंची टीव्ही रुंदीला सुमारे ९५ सेंटिमीटर भरतो, २४ इंची मॉनिटर ५३. आपल्याकडची टेबलं साधारण दोन फूट खोल असतात. दोन फुटांवरून एवढा पडदा बघायचा म्हणजे कडेचा आकडा वाचायला मान वळवावी लागते. किमान तीन फूट अंतर हवं. आणि टीव्ही हॉलमध्ये भिंतीवर लावणार असाल तर तो सोफ्यावरून बघायच्या उंचीला लागतो. खाली टेबल टाकून आठ तास वर बघत बसलात तर डोळ्यांचं दुखणं मानेवर जाईल. नवं टेबल घेतलंत तर तेही किमतीत मिळवा.

विजेचा आकडा लहान दिसतो, पण साचत जातो. २४ इंची मॉनिटर साधारण २० वॅट घेतो, ४३ इंची फोर-के टीव्ही ८० च्या आसपास. ६० वॅटचा फरक, रोज ८ तास, महिन्याला २५ दिवस: १२ युनिट. बिलातले सगळे आकार धरून युनिटला १० रुपये पडत असतील तर महिना १२० रुपये, पाच वर्षांत ७,२००. मॉनिटरच्या किमतीच्या पाऊण भाग झाले हे. शिवाय टीव्ही दिवसा आठ आणि रात्री चार असे बारा तास तापणार. नामांकित कंपन्यांच्या मॉनिटरला बहुतेक ३ वर्षांची वॉरंटी असते, टीव्हीला सहसा एक वर्षाची. तीही घरगुती वापरापुरती आहे का, व्यवसायासाठी वापरल्यास नाकारतात का, हे वॉरंटी कार्डावर वाचल्याशिवाय कळत नाही.

एवढं सांगूनही टीव्हीच घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी लॅपटॉप घेऊन दुकानात जा. हे मी फार मनापासून सांगतोय, कारण इथे चुकलेला माणूस नंतर पुन्हा वेगळा मॉनिटर विकत घेतो आणि दोन्ही खर्च अंगावर येतात. लॅपटॉप जुना असेल आणि त्याची एचडीएमआय (पडदा जोडायची खाच) १.४ ची असेल, तर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं. माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो. ६० साठी एचडीएमआय २.० लागते, टीव्हीलाही आणि लॅपटॉपलाही. नसेल तर नुसती नवी केबल घेऊन भागत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. सिनेमाचं चित्र दाखवताना टीव्ही रंगांची माहिती कमी करून घेतो. चेहऱ्यात, डोंगरात ते कळत नाही, पण एक्सेलमधला लाल आकडा मात्र कडेला पसरतो. दुकानात स्वतःची शीट उघडा, अक्षराचा आकार १० ठेवा, काही आकडे लाल करा आणि जवळून बघा. फुटलेले दिसले तर सेटिंगमध्ये त्या एचडीएमआयचं नाव किंवा चिन्ह ‘पीसी’ करायला सांगा. अनेक टीव्हींवर तेवढ्याने अक्षर स्वच्छ होतं. शार्पनेस अगदी खाली आणायला सांगा. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील, खालची टास्कबार अर्धी दिसत असेल, तर चित्राच्या आकारात ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ असं काहीतरी असतं, ते लावा. एवढं करूनही आकडे नीट दिसले नाहीत, तर तो टीव्ही तुमच्या कामाचा नाही, किंमत कितीही उतरली तरी. फोर-के नसलेला, नुसता फुल एचडी ४३ इंची तर दाखवूच देऊ नका: इंचाला जेमतेम ५१ ठिपके पडतात, २४ इंची मॉनिटरवर ९२.

पैसे कुठून आणायचे? एफडी मोडून नाही. घरखर्च ३०,००० आहे, म्हणजे अडीअडचणीसाठी निदान तीन महिन्यांचे ९०,००० बाजूला हवेत. तुमच्याकडे ५०,००० आहेत, आधीच कमी. त्यातून टीव्ही घेतला की २३,००० उरतात. एक महिनाही निघत नाही. वर मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याजात कपात करते ती वेगळीच.

विनाव्याज हप्त्याबद्दलही सांगतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट मुळात अस्तित्वातच नसते. व्याज असतंच, फक्त तेवढी सूट किमतीत दाखवून ते झाकलेलं असतं. क्रेडिट कार्डावर २७,००० चे सहा हप्ते केले आणि बँकेचा दर १६ टक्के धरला, तर व्याज साधारण सव्वाबाराशे. ते त्या सवलतीत वळतं होतं. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता. प्रक्रिया शुल्क २०० च्या घरात धरलं तर त्यावरही जीएसटी. सगळं मिळून साडेचारशेच्या आसपास जातात. रक्कम मोठी नाही. पण महिना ४,५०० चा हप्ता तुमच्या २२,००० मधून सहा महिने जाणार आहे, आणि दुकानदारांकडून फी वेळेवर येते असा तुमचाही अनुभव नसेल.

दुकानदार म्हणेल, जीएसटी उतरलाय, आत्ताच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, हे खरं आहे. पण तो काही आठ दिवसांचा सेल नाही. दर उतरलेलाच आहे, त्यासाठी आज धावायचं कारण नाही. ‘धंद्याचा खर्च दाखवला की कर वाचतो’ हेही कुणी सांगेल. तुमचं वर्षाचं उत्पन्न पावणेतीन लाखांच्या आत आहे, तुम्हाला आयकर लागतच नाही. मग वाचणार काय? आणि तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी या उलाढालीत लागत नाही, त्यामुळे खरेदीवरचं क्रेडिट मिळायचाही प्रश्न नाही.

म्हणून असं करा. महिना ३,२०० प्रमाणे तीन महिने फीमधून बाजूला काढा, ९,६०० होतील. तोवर साध्या एचडीएमआय केबलने घरातला ३२ इंची टीव्ही लॅपटॉपला जोडून बघा. तो जुना एचडी रेडी, म्हणजे फुल एचडीहूनही कमी ठिपक्यांचा असेल तर अक्षरं जाडीभरडी दिसतील, त्यावरून नव्याची परीक्षा करू नका. पण ११ आणि २० तारखेच्या रात्री टीव्ही तुमच्या ताब्यात किती वेळ राहतो, हे त्या तीन महिन्यांत मिस्टरांनाही दिसेल. तुम्हाला काही पटवून द्यावं लागणार नाही.

मॉनिटर घेताना आयपीएस पॅनल (बाजूने पाहिलं तरी रंग न बदलणारा पडदा) आणि एचडीएमआय आहे ना ते बघा, आणि उंची कमीजास्त करता येणारा स्टँड हजारभर रुपये जास्त देऊन मिळत असेल तर तो घ्या. लॅपटॉप शेजारी उघडाच ठेवा. मोठ्यावर २बी आणि टॅली, लहानावर पोर्टल. तुमच्या कामाला एवढं पुरतं.

या तीन महिन्यांत जुना टीव्ही खरोखरच बंद पडला, तर हिशेब बदलेल. तेव्हा टीव्ही घरखर्चातून, दोघांच्या पैशांतून घ्या, आणि मॉनिटरचे ९,६०० त्यात मिसळू नका. टीव्ही एक पायरी खालचा आणा, हवं तर तोच ३२ इंची, पण मॉनिटर तुमचा तुम्हाला राहू दे. बिल तुमच्या नावाने घ्या आणि वॉरंटीची नोंदणी त्याच दिवशी करून टाका.