वाचकांचे प्रश्न : कुत्र्यांचे गाणे आणि म्हशीचा गंधार

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत नातवाने मोबाइलवर कुत्र्यांच्या भुंकण्यातून वाजणारे ‘जिंगल बेल्स’ ऐकवले. सूर अगदी नेमके होते. कुत्र्यांना असे शिकवता येते काय? नातवाला आता गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या म्हशींचे रेकणे टिपून तसेच गाणे करायचे आहे. ते जमेल का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : खुणेसरशी भुंकायला कुत्र्याला शिकवता येते, परंतु सांगितल्याबरोबर गंधार लावणारे कुत्रे आजवर कोणाच्या दारी दिसलेले नाही. आपण ऐकलेले गाणे बहुधा १९५५ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने अमेरिकेत काढलेल्या तबकडीवरचे असावे. त्यामागचे कार्ल वाइसमन हे डेन्मार्कमधले, पक्ष्यांचे आवाज टिपणारे ध्वनिमुद्रक. पक्षी टिपताना मध्येच कुत्री भुंकत आणि मुद्रण नासवत, म्हणून ते टेपचा तेवढा भाग कापून काढीत. या टाकाऊ तुकड्यांतूनच पुढे गाणे उभे राहिले, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत गमतीचे वाटते.

स्टुडिओतली टेप त्या काळी सर्रास सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने सरकत असे, म्हणजे अर्ध्या सेकंदाचे भुंकणे १९ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीवर मावे. ही पट्टी पात्याने कापायची, तिला पुढच्या स्वराची पट्टी चिकटवायची आणि मध्ये जेवढा विराम हवा तेवढी कोरी टेप जोडायची, असे ते चिकाटीचे काम होते. हवा तो स्वर मिळत नसेल तर टेपचा वेग बदलता येतो. वेग दुप्पट केला की षड्जाचा तार षड्ज होतो आणि दीडपट केला की पंचम मिळतो. मात्र पंचमाला पोहोचलेले भुंकणे मूळच्या दोन-तृतीयांश वेळातच संपते, आणि आणखी चढवत गेले तर दांडग्या अल्सेशियनचे केकाटणारे पिल्लू होते.

चालीची निवडही महत्त्वाची ठरते. ‘जिंगल बेल्स’चे ध्रुवपद ‘ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग’ असे सुरू होते. पहिले सात स्वर एकच असल्यामुळे एक चांगले भुंकणे हाती लागले की तेच सात वेळा वापरता येते, आणि सारे स्वर सुटे व ठसठशीत असल्याने ते भुंकण्याच्या स्वभावाला मानवतात. मींड आणि मुरक्यांनी सजलेले नाट्यगीत असे वाजवायला गेल्यास पहिल्या ओळीतच फजिती होईल. अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांचे दरबारगायक होते, तिथल्या माणसाला हे अधिक फोड करून सांगायला नको.

म्हशीची अडचण वेगळी आहे. तिचे रेकणे लांबट असते आणि त्यात स्वर एका जागी ठरत नाही, म्हणून मधला स्थिर भाग तेवढा कापून घ्यावा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लांबी न बदलता स्वर चढवता-उतरवता येतो, त्यामुळे वाइसमन यांची अडचण नातवाला येणार नाही. कट्ट्यावर गिऱ्हाइकांची वर्दळ आणि दुचाक्यांचे हॉर्न असतात, तेव्हा मालकाला विचारून थेट गोठ्यात जावे. वैरणीची वेळ झाली की म्हैस आपणहून रेकते. तिच्यापासून रेडकू तोडून तिला रेकायला लावणे हा निव्वळ दुष्टपणा होईल. फोनमध्ये आसपासचा गोंगाट आपोआप दाबणारी सोय असल्यास ती बंद ठेवावी, कारण म्हशीचे रेकणेही गोंगाटात जमा होण्याचा संभव असतो. आणि गाणे दोन मिनिटांत संपवावे, कारण ही गंमत त्याहून अधिक टिकत नाही.

प्रश्न : संगीताच्या शिकवणीत षड्ज मोराचा, पंचम कोकिळेचा असे शिकवतात. मग सात प्राण्यांचे आवाज टिपून खरेच सप्तक तयार होईल का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक आणि हत्ती हा क्रम तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’त येतो. या संकेताला मोजमाप समजू नये. आपल्याकडे षड्ज गाणाऱ्याच्या गळ्यानुसार ठरतो, त्यामुळे मोराचा एकटा आवाज घेऊन त्याला ‘सा’ म्हणण्यास काही आधार उरत नाही. कोकिळ तर दर कुहूगणिक वर चढत जातो, आणि हत्तीच्या घोगऱ्या गुरगुरण्याचा बराच भाग सेकंदाला वीस कंपनांच्याही खाली असल्याने माणसाला ऐकूच येत नाही. त्याचा निषाद लावायचा तर चीत्कारच घ्यावा लागेल. सातही आवाज जसेच्या तसे ओळीने वाजवले तर सप्तकाऐवजी प्राणिसंग्रहालय ऐकू येईल.

जनावराच्या आवाजाला हात न लावता तो संगीतात आणण्याचाही मार्ग आहे. इटालियन संगीतकार रेस्पिगी यांनी १९२४ च्या ‘पाइन्स ऑफ रोम’ या रचनेत वाद्यवृंद वाजत असताना नाइटिंगेलची तबकडी लावायला सांगितली आहे, आणि तिथे पक्ष्याला कोणताही ठरावीक स्वर लावण्याची सक्ती नाही. आपल्याला सप्तकच हवे असेल तर तानपुऱ्यावर काळी चार लावून प्रत्येक आवाजाचा एक छोटा तुकडा कानाने जुळवून घ्यावा. सुरुवात बोकडापासून करावी, कारण त्याचे बेंबाटणे थरथरते असले तरी स्वर ओळखण्याइतके लांब असते आणि बोकड कोल्हापुरात कुठेही मिळतो.