जलरंगावर पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला आहे. दर रविवारी सकाळी रंग-कागद घेऊन गोदाघाटावर नाहीतर गंगापूर धरणाकडे जाते. आयुष्यभर निसर्गच रंगवायचा, तोही जलरंगात, असं म्हणते. तिच्या बाबांना इंजिनिअरिंग हवं आहे. या नादात तिचं नुकसान तर होणार नाही ना? तिची काही चित्रं सोबत पाठवते आहे.
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी चित्रांबद्दल बोलते, कारण ती पाहूनच माझं मत बनलं. धरणाच्या चित्रात पाण्यावरची चमक तिने पांढरा रंग लावून आणलेली नाही, तेवढा कागद कोरा राखलाय. जलरंगात हे पहिला हात मारण्याआधीच ठरवावं लागतं. तिच्या वयाला ही समज मोठी आहे. घाटाच्या पायऱ्यांवरच्या सावल्यांत मात्र तिने ट्यूबमधला काळा सरळ वापरलाय, त्यामुळे त्या निर्जीव झाल्यात. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळून करडा करून बघ म्हणावं. आपल्याकडचा काळा दगड त्यात छान उतरतो.

आता पोटापाण्याचं. नुसती निसर्गचित्रं विकून घर चालायला बरीच वर्षं जातात, आणि त्यानंतरही एखादं प्रदर्शन अगदी कोरडं जाऊ शकतं. म्हणून बहुतेक चित्रकार जोडीला शिकवतात, क्लास घेतात, पुस्तकांची चित्रं करतात. तुमच्या लेकीलाही असं काही करावं लागेल, हे सगळ्यांनी आजच धरून चाला. त्यात कमीपणा अजिबात नाही. फक्त सकाळच्या उजेडातले तास हातचे जाणार नाहीत, असं काम तिने शोधावं.

बाबांचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. पुण्याचे मिलिंद मुळीक इंजिनिअरिंग शिकूनच जलरंगाकडे पूर्णवेळ वळले. तेव्हा तो रस्ता धरला म्हणून चित्रकला संपत नाही. तरी मला विचाराल तर तिने बीएफए, म्हणजे कलेची पदवी, करावी. बारावीनंतर चार वर्षांचा कोर्स आहे, प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असतं, निसर्गचित्र नसतं, त्यामुळे तयारी वेगळी करावी लागेल. ‘निदान अप्लाइड (उपयोजित कला) तरी घे’ असा आग्रह धरू नका. जाहिरात, डिझाइनची आवड असेल तर ती शाखा उत्तम, पण तडजोड म्हणून घेतली तर मुलं त्यात रमत नाहीत.

मात्र कॉलेज निसर्गचित्रकार घडवून देईल, अशी अपेक्षा ठेवू नका. ते काम एकाच जागेची वर्षानुवर्षांची ओळख करते. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, 1888 साली व्हाइसरॉय पदक मिळवलं, आणि पुढे आपल्या गावच्या कोटितीर्थ तलावाचीच चित्रं पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. आपल्या नाशकात शिवाजी तुपे यांनी घाट आणि जुने वाडे असेच जवळ केले. तिची जिद्द किती टिकते, हे मला पाहायचंय ते इथे.

म्हणून या पावसाळ्यात तिला एकच जागा निवडू द्या. धरणाचं बॅकवॉटर घ्या किंवा निफाडकडचं नांदूर मध्यमेश्वर. पाऊस उघडेपर्यंत दर रविवारी तीच जागा, तोच कोन. भिजलेल्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, लवकर सुकत नाही, रंग एकमेकांत पळतात. उन्हाळ्यात ज्या घाईने ती रंगवते ती इथे चालणार नाही, थांबायला शिकावंच लागेल. जूनमधला मातकट रंग, ऑगस्टमधला डोंगरांचा हिरवा आणि सप्टेंबरअखेर गवतावर चढणारी पिवळी झाक हे फरक तिला आपोआप दिसू लागले आणि तिथे जायचा कंटाळा आला नाही, तर बीएफएचा अर्ज निर्धास्त भरा. महिन्याभरात जागा बदलायचं म्हणू लागली, तर चित्रकला छंद म्हणून ठेवून इंजिनिअरिंगचा विचार करायला हरकत नाही. तोवर दोन्ही सीईटींची तयारी चालू राहू दे, आणि बाबांना एखाद्या रविवारी तिच्याबरोबर जरूर पाठवा.

खर्चाचं एक सांगते. रंग विद्यार्थ्यांसाठी मिळतात ते साधे चालतील, कागदात काटकसर नको. 300 जीएसएमचा (म्हणजे जाड) कॉटन कागद घ्या, मोठा ताव आणून त्याचे चार तुकडे करा. पातळ कागद पाण्याने फुगतो, आणि मग चित्र हातामुळे बिघडलं की कागदामुळे, हे तिला कळणारच नाही.