मर्मर कानाने कळली, मग इको कशाला?

प्रश्न: माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. ताप आला म्हणून नेलं, तर डॉक्टरांनी छाती तपासून ‘मर्मर ऐकू येतेय, टू-डी इको करून घ्या’ असं सांगितलं. मुलगा चांगला खेळतो, दम लागत नाही. कानाने कळलंय तर सोनोग्राफी कशाला? तिचा अपाय होतो का?
– एक आई, सातारा

उत्तर: ताई, अपायाची काळजी सोडा. इकोत क्ष-किरण नसतात, सुई नसते. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. छातीवर लावलेलं जेल गार लागतं, एवढं मुलाला आधी सांगून ठेवा.

हृदयाच्या झडपा मिटतात त्याचा आवाज म्हणजे लब-डब. या दोन आवाजांच्या मधे रक्त खळाळलं की मर्मर. तापात रक्त जोरात धावतं, म्हणून ती निरोगी मुलातही ठळक होते. बहुतेक मुलांची मर्मर अशी निर्दोषच असते.

पण आवाज मोठा म्हणजे दोष मोठा, असं हृदयात चालत नाही. खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याचं बारीक छिद्र मोठ्याने वाजतं. मोठं छिद्र कधी कधी बेतानेच. वरच्या कप्प्यांमधलं छिद्र सगळ्यात फसवं. त्यातून जाणारं रक्त वाजतच नाही. ऐकू येते ती फुप्फुसाकडच्या झडपेतून जादा रक्त गेल्याची हलकी मर्मर, अगदी निर्दोष मर्मरीसारखी. खरी खूण असते ‘डब’मध्ये: तो दुभंगतो, आणि श्वास घेतला काय, सोडला काय, ती फट तेवढीच राहते. रडणाऱ्या, धडधडत्या छातीत ही फट ऐकणं भल्याभल्यांना जड जातं. इकोत रक्ताचा प्रवाह दाखवणारा भाग असतो, कलर डॉपलर; त्यावर तेच रक्त पडद्यापलीकडे जाताना रंगात दिसतं.

इकोची सुरुवात झाली 1953 साली: स्वीडनमधल्या लुंडला हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायच्या यंत्राने हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. शस्त्रक्रियेआधी झडप नीट पारखता यावी, ही एडलर यांची तळमळ होती. तरी स्टेथोस्कोप मला तितकाच प्रिय आहे. ओपीडीत शिकाऊ डॉक्टरांनी काय ऐकलं ते आधी कागदावर लिहायचं, मगच मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. कान असाच तयार होतो.

इकोला जाताना डॉक्टरांची चिठ्ठी न्या. मर्मर छातीवर नेमकी कुठे ऐकू आली, हे तिच्यावर लिहून घ्या; तपासणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. मधल्या काळात खेळताना दम लागला, चक्कर आली किंवा ओठ निळसर दिसले, तर मात्र तारखेची वाट बघू नका, लगेच दाखवा.