देवघरातलं टिंबाटिंबांचं नाणं

आजीच्या देवघरातलं नाणं साधारण 15 मिमी रुंद, जाडजूड, वजन 4 ग्रॅमच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना नुसती टिंबं-रेघा, असं तुम्ही लिहिलंय. सोनार म्हणतात ठसा झिजलाय आणि नाणं विक्रमादित्याचं आहे. मला दोन्ही पटत नाही. वर्णनावरून हे गधैया नाणं वाटतं, बहुधा दहाव्या ते बाराव्या शतकातलं. आणि ते टाकसाळीतूनच असं बाहेर पडलंय.

मूळ इराणात. सासानी राजा पेरोझ (459–484) हूणांच्या हाती सापडला. सुटकेसाठी चांदी मोजावी लागली, मुलगा कवाध ओलीस राहिला. पेरोझची नाणी हूणांबरोबर इकडे आली: एका बाजूला मुकुटधारी राजा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि दोन सेवक. आपल्याकडच्या टाकसाळींनी त्यांची नक्कल केली, मग नकलेची नक्कल, असं काही शतकं चाललं. ठसा कोरणाऱ्याला अग्निवेदीशी काय देणंघेणं? समोरचं नाणं बघून तो टिंबं उतरवत गेला.

मूळ नाणं पातळ आणि जवळपास दुप्पट रुंद होतं. आकार आटला, वजन मात्र साधारण तेच राहिलं, कारण व्यापारी नाणं तोलून घ्यायचा. (चांदीत तांबं वाढत गेलं, ते वेगळं!) त्यात नाण्याची कोरी चकती ठशापेक्षा लहान, त्यामुळे हातोडा बसला की चित्राचा एखादा तुकडाच उमटायचा.

आता नाणं हळूहळू फिरवून पाहा. एका कोनात उजवीकडे बघणारा चेहरा दिसेल: टिंब म्हणजे डोळा, रेघ म्हणजे नाक. मागच्या बाजूला मधला खांब ही वेदी, वर चंद्र-सूर्य.

‘गधैया’ म्हणजे गाढवाचं असं धरून विक्रमादित्याचं नाव येतं, ते त्याच्या बापाच्या, गाढव झालेल्या गंधर्वसेनाच्या दंतकथेमुळे. गोष्ट झकास आहे, पुरावा शून्य.

गुजरात, राजस्थान, माळवा, उत्तर कोकण इथे ही नाणी चालली, बहुतेक बिननावाची. म्हणूनच ठाण्याच्या शिलाहार घराण्यातल्या छित्तराजा या राजाचं नाव असलेली नाणी महत्त्वाची. अंबरनाथच्या शिलालेखातल्या माम्वाणीचा हा भाऊ.

तेव्हा चिंच-लिंबू अजिबात लावू नका. तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नागरी अक्षरासारखं काही दिसलं तर तो भाग मोठा करून इथे टाका.